सहा किलोंची पिशवी

मी एक जुना वजनकाटा आहे, आणि तीन वर्षं झाली तरी माझा राग उतरलेला नाही. मित्रांनो, दर शनिवारी तुम्ही जिवतीच्या या शाळेच्या ओसरीत माझ्या पाटावर उड्या मारत चढता, म्हणून तुम्हालाच सांगतो.

माझी रचना सोपी आहे. खाली लोखंडी पाट, त्याखाली तरफा, वर खुणा कोरलेली पितळी दांडी आणि तिच्यावर सरकणारं एक वजन. दांडी आडवी स्थिर झाली की ते वजन ज्या खुणेवर असेल, तो आकडा. कारखान्यातून निघालो तेव्हा मला वाटलं होतं, आपल्याला आयुष्यभर खरंच बोलता येईल.

पोंभुर्ण्याच्या एका गोदामात ते पहिल्याच वर्षी संपलं. तिथं लोक मोहफुलं, हिरडा, डिंक विकायला आणायचे. व्यापाऱ्यानं माझं सरकतं वजन खोललं, आत शिसं ओतलं आणि परत बंद केलं. ते जड झालं, म्हणून दांडी कमी खुणेवरच स्थिर होऊ लागली. दहा किलो मोहफुलं नऊ भरायची. असं पंधरा वर्षं चाललं. लोकांना कळत नव्हतं असं नाही, पण जवळपास दुसरा काटा नव्हता. ते नुसते माझ्याकडे बघायचे. माझ्या पाटाचा एक कोपरा तुटलेला आहे, त्यावरून मला ओळखायचे.

पुढे गोदाम बंद पडलं. १९८६ साली एका छोट्या खाजगी कंपनीनं चंद्रपूरजवळच्या धावपट्टीवरून नागपूरला हवाई टॅक्सी सुरू केली. कंपनीचा सगळा भर स्वस्तपणावर. विमान एकच, नऊ प्रवाशांचं. प्रवाशांना बसायला पत्र्याची शेड. नवा काटा घेण्याऐवजी त्यांनी मला भंगारातून उचललं. तिथले हमाल मुश्ताकभाई यांनी माझं वजन खोललं, आतलं शिसं पाहिलं आणि म्हणाले, "वा रे वा. याच्या पोटात त अर्धं गोदाम हाय." त्यांनी शिसं काढलं, वजनमापं तपासणाऱ्या निरीक्षकाकडून शिक्का मारून आणला. मी पुन्हा खरा झालो.

छोट्या विमानात सामानाबरोबर माणसांचंही वजन करतात. पहिल्या दिवशी ठमाबाई नावाच्या म्हाताऱ्या बाई माझ्यावर चढायला तयार होईनात. "मले बजारात विकता का बापा?"

"घेईन कोण, मावशी?" मुश्ताकभाई म्हणाले. "चढा."

त्या हसत चढल्या आणि पाऊण तासात नागपूरला, बाळंतीण लेकीपाशी पोचल्या. ज्यांनी विमान फक्त धानाच्या बांधीतून मान वर करून पाहिलं होतं, ते स्वस्त तिकिटामुळे आत बसले. हे मी विसरत नाही. माझा राग स्वस्तपणावर नाही. तो एका सोमवारचा आहे. मृग लागायला काही दिवस होते.

त्या दिवशी सकाळी साडेसातला पोंभुर्ण्याचे सोमाजी दुर्गे आपल्या मुलीला, विशाखाला, घेऊन आले. ती नुकतीच बारावी झाली होती. नर्सिंगच्या प्रवेशासाठी तिची नागपूरला दुपारी दोनला मुलाखत होती. पत्र आदल्या संध्याकाळी हाती आलं होतं, आणि त्यात स्पष्ट लिहिलं होतं की गैरहजर राहणाऱ्याची जागा पुढच्या नंबरला जाईल. त्या वेळी बस धरली असती तरी ती दुपारी बारापर्यंत पोचली असती. पण विमान नऊचं होतं, आणि सवलतीचं एक तिकीट त्यांना परवडलं होतं. "बस रस्त्यात फसली त?" सोमाजी म्हणाले. "विमान त विमान हाय."

मग त्यांना माझा तुटका कोपरा दिसला.

"बाई, पिशवी हाती धर," ते मुलीला हळूच म्हणाले. "या काट्याले मी वळखतो. हा कधी पुरं बोलत नाई. कमी भरली त म्हणतीन, अशक्त पोरगी हाय, इथंच राहू द्या हिले."

"बा, मी का मोहफुलं हाय?"

"धर म्हणतो न."

तिनं कपड्यांची नि पुस्तकांची पिशवी ओढणीआड धरली. मॅनेजर पिंपळापुरे यांनी मान वर न करता लिहिलं, सत्तेचाळीस. नंतर मुश्ताकभाईंनी सामानाबरोबर पिशवी वेगळी तोलली. सहा किलो. तेही लिहिलं गेलं. एकच पिशवी यादीत दोनदा आली.

नऊला विमान आलं नाही. कंपनीनं ते सकाळी दुसऱ्याच फेरीला पाठवलं होतं. "अर्धा तास," मॅनेजर म्हणाले. दहालाही अर्धा तास, अकरालाही अर्धा तास. बसनं वेळेवर पोचण्याची वेळ त्या अर्ध्या तासांनी खाल्ली.

सव्वाबाराला विमान उतरलं तेव्हा सावलीत सेहेचाळीस अंश होते. तापलेली हवा विरळ होते आणि पंखांना कमी उचलते. सकाळी जेवढं वजन नेता येतं, तेवढं दुपारी नेता येत नाही. वैमानिकानं तक्ता पाहिला, यादीची बेरीज केली. "पाच किलो जास्त आहेत, कमी करा," एवढंच सांगून तो परत गेला. त्याच्यासमोरच्या आकड्यांप्रमाणे त्याचं बरोबर होतं.

यादीत एका लाकूड ठेकेदाराच्या दोन पेट्या होत्या, बेचाळीस किलोंच्या. त्यांचं जादा भाडं भरलेलं होतं. मॅनेजरनी पेट्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांचं बोट विशाखाच्या नावावर थांबलं. गरज पडल्यास सवलतीचा प्रवासी आधी उतरेल, हे तिकिटाच्या मागे बारीक अक्षरांत छापलेलं होतं.

"तू पुढच्या विमानानं जा."

"पुढचं कधी आहे?"

"गुरुवारी."

विशाखानं यादी वाचली. "सर, माझं वजन सत्तेचाळीस नाही. हातात पिशवी होती. पुन्हा तोला."

"यादी बंद झाली."

"एक मिनिट लागते, सर."

"साहेब, चूक माही हाय," सोमाजी पुढं आले. "तिले काऊन उतरवता?"

"मी कुठं उतरवतो? काटा म्हणतो वजन जास्त आहे." मॅनेजर यादी घेऊन विमानाकडे चालू लागले.

काटा म्हणतो. मित्रांनो, गोदामात मला खोटं बोलायला लावलं, तेव्हा इतका संताप आला नव्हता. इथं मी दोन्ही वेळा खरं बोललो होतो. पाटावर जे होतं तेच सांगितलं. उशीर कंपनीचा, पेट्या ठेकेदाराच्या, मान खाली घालून लिहिणं मॅनेजरचं, आणि नाव माझं. मला पाय असते तर मी त्या विमानाच्या चाकापुढे जाऊन आडवा झालो असतो.

विमान गेलं. मुश्ताकभाई म्हणाले, "चढ बेटी. रिकाम्या हातानं."

दांडी एक्केचाळीसवर स्थिर झाली. हिशेब विशाखानंच केला. जास्त होते पाच, आणि चुकून वाढले होते सहा.

"मी बसली असती तरी चाललं असतं, बा. वर एक किलो उरत होता."

सोमाजी माझ्या तुटक्या कोपऱ्याकडे बघत उभे राहिले.

मुश्ताकभाईंनी तिला बांबूच्या एका ट्रकमध्ये बसवून दिलं. ती साडेपाचला पोचली. जागा गेली होती.

कंपनी पुढच्या वर्षी बंद पडली. मुश्ताकभाईंनी मला घरी नेऊन तेल घातलं, आणि विशाखा डी.एड. होऊन या शाळेत आली तेव्हा तिच्या हवाली केलं. होय, मी तुमच्या दुर्गेबाईंबद्दलच बोलतोय. तुम्ही कुरकुरता ना, की बाई आपल्याला दोनदा का चढवतात, एकदा दप्तरासकट आणि एकदा दप्तराशिवाय? आता कुरकुरू नका. माझ्या सांध्यांत तेल घाला, धूळ पुसा. आणि मोठे झाल्यावर तुमच्या हाती यादी आली, तर लिहिण्याआधी मान वर करून पाहा. पुन्हा तोला असं कोणी म्हटलं, तर तोला. माझं नाव सांगून कोणाला उतरवू नका.

गेल्या शनिवारी सोमाजी लेकीला भेटायला शाळेत आले होते. बाईंनी त्यांनाही माझ्यावर चढायला सांगितलं. त्यांनी माझ्या कोपऱ्याकडे पाहिलं. मग त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली, काठी भिंतीला टेकवली, वहाणा काढल्या आणि रिकाम्या हातांनी चढले.

बावन्न किलो. मी बरोबर सांगितलं.