शिवांजलीची साक्ष

रुद्रय्यांचं मूळ गाव नेसरी. एकतीस हंगाम त्यांनी गडहिंग्लज भागातल्या एका साखर कारखान्यात बॉयलर अटेंडंट म्हणून काढले. निवृत्तीनंतर कळंब्यात दोन खोल्यांचं घर बांधलं आणि बायको बसम्मासह तिथं राहायला आले. माणूस तसा चारचौघांसारखाच होता, पण एका गोष्टीचा त्यांना फार अभिमान. एका हंगामात गाळप थांबू नये म्हणून साहेबानं बॉयलरच्या नोंदवहीत प्रेशरचा आकडा खोटा लिहायला सांगितला होता. रुद्रय्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "साहेब, तुमीच लिवा आन् तुमीच सही करा." त्यापायी पुढचे तीन हंगाम त्यांना रात्रपाळी पडली. ही गोष्ट त्यांनी पावण्यारावळ्यांना इतक्यांदा सांगितली होती, की बसम्मा ती सुरू झाली की उठून चहा टाकायला जायची.

शिवांजली त्यांची एकुलती एक लेक. लहानपणी ती डबा घेऊन कारखान्यावर जायची आणि भट्टीच्या आवाजात तासभर उभी राहायची. घरी येऊन बसम्माला विचारायची, "अव्वा, एवढी वाफ जाती कुठं?" बारावीनंतर तिनं पुण्याला जहाजांच्या इंजिनियरिंगला जायचं ठरवलं तेव्हा भाऊबंद हसले. समुद्र कधी बघितला न्हाय आणि पोरगी जहाज चालवणार म्हणे! वर्गात मुली चारच. चार वर्षं झाली, मग कॅडेट म्हणून पहिलं जहाज मिळालं. पंचेचाळीस डिग्रीच्या इंजिनरूममध्ये बॉयलर सूट घालून पिस्टनखालच्या पोकळीत शिरून काजळी खरवडायची. पहिल्या सुट्टीला आली तेव्हा डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा डाग होता. बसम्मा रडली. रुद्रय्यांनी डाग बघितला, स्वतःची बाही वर केली आणि आपला जुना डाग तिच्या हाताशेजारी धरला. बापलेक हसत सुटले.

इंजिनियरच्या परवान्याची मुंबईतली तोंडी परीक्षा पहिल्यांदा हुकली, दुसऱ्यांदा पास झाली. मग ती फोर्थ इंजिनियर झाली. जहाजावरच्या इंजिनियरांत ही सगळ्यांत खालची पायरी, पण पायरी हक्काची.

तो फोन आला तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. रुद्रय्या फाटकाशी भाजीवाल्याच्या गाड्यावर वांगी निवडत होते.

"अप्पा, जरा बाजूला जावा की. अव्वा जवळ हाय काय?"

"न्हाय. बोल."

शिवांजलीचा आवाज दबका होता. जहाज परदेशातल्या एका थंड बंदरात लागलं होतं. इंजिनाच्या तळाशी तेलकट पाणी साचतं. ते यंत्रातून गाळून, तेल वेगळं काढूनच समुद्रात सोडायचं असा जगभरचा कायदा. यंत्र दोन महिने बिघडलेलं होतं. कंपनी सुटे भाग पाठवत नव्हती. मग चीफ इंजिनियरनं एक रबरी नळी जोडून घेतली आणि तेलकट पाणी थेट समुद्रात गेलं. वहीत मात्र सगळं गाळून सोडल्याची नोंद.

"वहीत तू लिवलंस?" रुद्रय्यांनी विचारलं.

"न्हाय, चीफनं लिवलं. पण नळी जोडताना पाना माझ्या हातात हुता अप्पा. आता कुणीतरी बातमी दिलीया. दुपारी तपासणीवाले जहाजावर येणार. सेकंड इंजिनियर सगळ्यांना सांगून गेलाय, कायबी म्हाईत न्हाय म्हणायचं. मी काय करू?"

रुद्रय्यांनी हातातलं वांगं गाड्यावर ठेवलं. वांगी निवडायला त्यांना जितका वेळ लागला होता, त्याच्या निम्माही वेळ या उत्तराला लागला नाही.

"जे बघिटलंस ते सांग. आपल्याला कशाचं भ्या?"

मग ती म्हणाली, "बरं," आणि फोन बंद झाला.

तिनं सांगितलं. नळी कुठं लपवली होती तेही दाखवलं. चार दिवसांनी जहाज नवीन माणसं घेऊन पुढं निघून गेलं. शिवांजलीसह पाच जणांना मात्र तिथंच उतरवून घेतलं. पासपोर्ट तिथल्या सरकारनं जमा केले. हॉटेलचं भाडं, जेवण, पगार सगळं कंपनीकडून. खटला उभा राहीपर्यंत शहर सोडायचं नाही, एवढंच.

"पंधरा दिवसांचं काम हाय म्हणत्यात," ती म्हणाली होती.

पंधरा दिवसांचा महिना झाला, महिन्याचे तीन. त्या बंदराचं नाव रुद्रय्यांना शेवटपर्यंत नीट म्हणता आलं नाही. त्यांनी ते एका कागदावर लिहून खिशात ठेवलं होतं आणि प्रत्येक कचेरीत तो कागद पुढं करायचे. मुंबईला कंपनीच्या हापिसात गेले. तिथल्या मुलीनं पाणी दिलं, बसवलं, "सर, मॅटर कोर्टात आहे," असं चार वेळा गोड आवाजात सांगितलं. कोल्हापुरात एका पुढाऱ्याच्या हापिसात अर्ज दिला. तिथल्या माणसानं कागद वाचला आणि विचारलं, "पावणं, पोरीला अटक झालीया काय?"

"न्हाय."

"मारहाण?"

"न्हाय."

"पगार चालू हाय?"

"व्हय."

"मग तक्रार कशाची लिवायची?"

रुद्रय्या कागदाची घडी घालून बाहेर आले.

शेवटी कारखान्यातल्या जुन्या सोबत्याचा मुलगा विश्वजित जिल्हा कोर्टात वकिली करायचा, त्याच्याकडं गेले. त्यानं शिवांजलीला आलेली सगळी पत्रं वाचली. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"काका, तिच्यावर गुन्हा न्हाय. ती साक्षीदार हाय."

"मग सोडत का न्हाईत?"

"तेच तर. आरोपी असती तर जामीन मागता आला असता. साक्षीदाराला कशाचा जामीन मागायचा?"

"ज्यानं केलं तो?"

"चीफ इंजिनियर? त्योबी तिथंच हाय. त्याच हॉटेलात, बगा की. वरच्या मजल्यावर."

हे शिवांजलीनं सांगितलं नव्हतं. त्या दिवशी रुद्रय्या रिक्षा न करता कोर्टापासून कळंब्यापर्यंत चालत आले. पाच जणांत ती एकटीच मुलगी. बाकीच्या चौघांत एक तो, ज्याच्याविरुद्ध तिनं तोंड उघडलं. आणि तिघं ते, ज्यांना तिच्यामुळं अडकून पडावं लागलं असं वाटत होतं. नाष्ट्याच्या टेबलावर कोण बसत असेल तिच्याजवळ?

पाचव्या महिन्यात नेसरीच्या स्थळाकडून निरोप आला. मुलगा शिवप्रसाद चांगला होता, बोलणी जवळजवळ ठरली होती. त्याच्या आईनं फोनवर सांगितलं, "आमाला काय म्हणायचं न्हाय. पण पोलिसाचं कायतरी हाय असं कानावर आलं. सुटून येऊ दे, मग बघू." ते 'मग' कधीच येणार नव्हतं, हे दोन्हीकडं कळलं होतं.

फोन ठेवून बसम्मा ओट्याशी उभी राहिली. जोंधळ्याचं पीठ परातीत तसंच होतं.

"ह्या पोरीला कुणी सांगिटलं हुतं तोंड उघडाय?" ती म्हणाली. "बाकीचे गप बसले की. जगात काय हीच एकटी खरी?"

रुद्रय्या खुर्चीत बसले होते. पाच महिने त्यांनी ही गोष्ट पोटात ठेवली होती.

"मी सांगिटलं," ते म्हणाले.

बसम्मा वळली.

"तिनं फोन केलता. मी फाटकावर हुतो. मी म्हणालो, बघिटलं ते सांग."

बसम्मा चिडली असती, ओरडली असती, तर त्यांना बरं वाटलं असतं. तिनं हात पुसले. "एकदा आत येऊन मला इचारायचं तरी," एवढंच म्हणाली आणि भाकरी थापायला बसली. त्या दिवसापासून रुद्रय्यांनी रात्रपाळीची गोष्ट कुणाला सांगितली नाही. खरं बोलण्याची किंमत त्यांना तीन हंगामांच्या रात्रपाळीत पडली होती. रोज सकाळी ते घरी येऊन, अंघोळ करून, बायकोच्या हातचं खाऊन झोपत होते. तेवढ्या अनुभवाच्या जोरावर त्यांनी लेकीला सल्ला दिला होता.

शिवांजली दर रविवारी फोन करायची. सुरुवातीला बर्फ दाखवायची, खिडकीतून दिसणारी क्रेन दाखवायची. पुढं पुढं फोन छताकडं करून ठेवायची आणि बोलायची. एका रविवारी म्हणाली, "अप्पा, आज चीफ लिफ्टमध्ये भेटला. दोघंच हुतो."

"काय म्हणाला? कायबाय बोलला काय?"

"न्हाय. रडला. दोन पोरी हायत त्याला, थोरली धावीला. कंपनीनं भाग पाठवलं असतं तर त्यानं तरी कशाला नळी जोडली असती? मला इंजिन शिकवलं त्येनंच, अप्पा. वाईट माणूस न्हाय त्यो."

रुद्रय्या वाट बघत राहिले. पोरगी म्हणेल, की तरी मी केलं ते बरोबरच केलं. ती तसं काही म्हणाली नाही. अव्वानं गोळ्या घेतल्या काय, म्हणून विचारलं आणि फोन ठेवला.

दहाव्या महिन्यात कंपनीनं गुन्हा कबूल केला आणि दंड भरला. चीफला सात महिन्यांची कैद झाली. साक्षीदारांची साक्ष घ्यायची वेळच आली नाही. शिवांजलीला न्यायाधीशांनी एक प्रश्नही विचारला नाही. पासपोर्ट परत दिला, तिकीट हातात ठेवलं.

कोल्हापूरच्या स्टेशनवर ती गाडीतून उतरली तेव्हा रुद्रय्यांनी तिला आधी ओळखलंच नाही. गाल बसले होते. केस कापले होते. बॅग घ्यायला त्यांनी हात पुढं केला, तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे अप्पा, जड न्हाय."

पुढचे सहा महिने ती जहाज मिळवायला धडपडली. वरच्या परीक्षेला बसायचं तर समुद्रावरचे महिने भरावे लागतात आणि महिने भरायला जहाज लागतं. मुलाखती व्हायच्या. कागदपत्रं बघून लोक खूश व्हायचे. मग शेवटच्या जहाजाचं नाव वाचलं, की समोरचा माणूस पेन थांबवायचा. "तुम्ही त्याच ना?" असं कुणी विचारत नव्हतं. "कळवतो," म्हणायचे. कळवत कुणीच नव्हतं. तिच्याबरोबर शिकलेली अनुजा एव्हाना थर्ड इंजिनियर झाली होती. तिनं आपल्या कंपनीत शब्द टाकून बघितला आणि खरं ते सांगितलं, "शिवा, तुला जहाजावर घेतलं तर तपासणीच्या वेळी तू काय बोलशील, ह्याची त्यांना भीती वाटते."

रुद्रय्या न सांगता कारखान्यावर गेले. नव्या साहेबापुढं उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा हात जोडले. हंगामापुरती शिफ्ट इंजिनियरची जागा होती. साहेब म्हणाले, "पाठवा."

घरी येऊन त्यांनी ते सांगितलं. शिवांजली पायरीवर बसली होती. तिनं मान हलवली. सोमवारी जाते म्हणाली. रुद्रय्या तिच्याशेजारी बसले.

"माझं चुकलं काय गं, पोरी?"

"तुमी काय सांगणार, ते मला ठाव हुतं अप्पा," ती म्हणाली. "म्हणूनच तुमाला फोन लावला. गप बसायचं असतं तर अव्वाला लावला असता."

रुद्रय्यांच्या छातीवरचं ओझं हलल्यासारखं झालं. त्यांनी तिच्याकडं बघितलं. ती रस्त्याकडं बघत होती.

"पण परत कवा अशी येळ आली," ती सावकाश म्हणाली, "तर कुणाला लावीन, ते सांगता येत न्हाय."

काहीतरी बोलायला हवं होतं. बापानं बोलायला हवं होतं. आतून बसम्मानं जेवायला हाक मारली. शिवांजली उठली, त्यांना उठायला हात दिला, आणि दोघं आत गेले.