मेजर बसला

मी मेजर बोलतोय. नाव फौजेतलं, जात अल्सेशियन कुत्र्याची आणि नोकरी पोलिसातली. दात चारच उरलेत, तेव्हा थोडक्यात सांगतो.

जन्म आणि शिक्षण पुण्याचं. वासावरून माग काढायचा, माणूस सापडला की भुंकायचं, माग तुटला की खाली बसायचं. एवढंच शिकलो, पण पक्कं शिकलो.

गडचिरोली जिल्हा नवा झाला, त्यानंतर दोन वर्षांनी जंगलातल्या एका लहान गावच्या ठाण्यात श्वानपथक निघालं. पथक म्हणजे मी एकटा, आणि माझा पट्टा धरणारा शिपाई दसरू. उद्घाटनाला मला झेंडूचा हार घातला. दोन दिवस नाकात दुसरा वास शिरला नाही. सरकारी खर्चानं मला मटण मिळे, दसरूला नाही. त्याची आई धुरपता म्हणायची, "पोरा, तू काऊन कुत्रा नाई झाला रे?"

महिन्याभरात पहिली चोरी आली. जवळच्या टोल्यावर, म्हणजे छोट्या वस्तीत, सगळ्यांच्या लग्नकार्याला लागणारे पितळेचे दोन मोठे गंज, म्हणजे पातेली, होते. ते पोलीस पाटील बापूरावांच्या पडवीतून गेले.

ठाण्याचे साहेब, दसरू आणि मी जीपनं पोचलो. मोठे साहेब येणार, सोबत पुण्याचा कुत्रा येणार, म्हणून बायांनी सकाळीच पडवी आणि अंगण शेणानं सारवून ठेवलेलं. चोराच्या पावलांवर रांगोळी. सुकरी नावाच्या बाईनं तर माझे पायही धुतले. "पुण्याहून चालत आला का रे बाबा?" म्हणाली. एवढा मान मला पुण्यात कोणी दिला नव्हता.

मी तीन फेऱ्या मारल्या. शेणाशिवाय काही नाही. गावातले पुरुष रांगेत उभे केले होते. त्यांच्यासमोरून गेलो आणि शेवटी बसलो. नेमका सुकरीच्या नवऱ्यासमोर. इतवारी त्याचं नाव, मोहफुलं वेचणारा माणूस.

"घ्या! कुत्र्याले सारं समजते," बापूराव ओरडले.

इतवारीनं हात जोडले. "मी नाई जी. मी त त्या दिवशी बजारात होतो."

"मी होती ना संगं!" सुकरी पुढे आली. तिच्याकडे कोणी पाहिलं नाही.

साहेबांनी इतवारीचं मनगट धरलं आणि दसरूला हळूच म्हणाले, "पंचांसमोर भुंकायला लाव त्याला. पेपरात उद्घाटनाचा फोटो आलाय तुमचा, विसरू नकोस."

दसरूनं मूठ वर केली की मी भुंकतो. त्यानं मूठ उचलली असती, तर मी तिथंही भुंकलो असतो आणि इतवारी आत गेला असता. मी शिकलेला आहे, हुकूम मोडत नाही. मी दसरूच्या हाताकडे बघत राहिलो.

त्यानं हात पाठीमागे नेला.

"नाई साहेब. बसला म्हंजे माग तुटला. ह्याले काईच सापडलं नाई."

"मग शिकलाय काय हा?"

"जे शिकवलं तेच करून राह्यला जी."

साहेबांनी मनगट सोडलं. गंज आठ दिवसांनी सापडले. बापूरावांच्या मेव्हण्यानं वरातीच्या जेवणाला नेले होते, सांगायचं राहून गेलं. तोवर माझ्या कागदावर 'निरुपयोगी' असा शिक्का बसला होता. पथक बंद झालं, दसरूची बदली जिवतीच्या डोंगरात झाली. मला त्यानं सोबत नेलं. मटण संपलं. आता त्याच्याच ताटातला भात खातो आणि उन्हात शेकत पडून राहतो.

पंचांसमोर त्यानं माझी हार बोलून दाखवली, याचा मला बरीच वर्षं राग होता. आता नाही.

मी जन्मात एकही चोर धरला नाही. एक निरपराध सुटला, तोही माझ्यामुळं नाही. नवा कुत्रा आणणार असाल तर खुशाल पुण्याहून आणा. त्याचा पट्टा कोणाच्या हातात देता, ते मात्र आधी बघा.