आजीच्या नावाचा कोळी

संग्रहालयातल्या कोळ्यांच्या खोलीत बाईंचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. उड्या मारणारे कोळी ओळखावेत तर त्यांनीच. तांदळाएवढा जीव भिंगाखाली धरला की त्याचं सगळं कूळ सांगून मोकळ्या. पण स्वतः शोधलेली म्हणावी अशी जात एकच. एका तपकिरी मादीवरून ती त्यांनी जाहीर केली आणि शास्त्रीय नावात आपल्या आईचं नाव गुंफलं. तेव्हापासून म्हातारीचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. दारात येईल त्याला सांगायची, "जगात कोळी ढीगभर, माझ्या नावाचा एकच."

बाईंची लेक त्याच खोलीत शिकत होती. तिला कुपीतल्या मेलेल्या कोळ्यांपेक्षा जिवंत कोळ्यांचं वेड. खिडकीत डब्या मांडायच्या आणि त्यांना माश्या भरवत बसायचं. एके सकाळी तिने आईला हाक मारली, तीही चोरी पकडली गेल्यासारखी.

"आई, मी पाळलेल्या आजीवाल्या मादीची पिल्लं मोठी झालीत. बघ जरा."

बाईंनी बघितलं. निम्मी आईसारखी तपकिरी. उरलेली काळीभोर, पाठीवर पांढरे पट्टे. असले पट्टेवाले नर त्यांनी कितीतरी पाहिले होते. त्या जातीला फार पूर्वीच कुणीतरी नाव देऊन ठेवलं होतं. त्या कुणीतरीने नुसता नर पाहिलेला, बाईंनी नुसती मादी. म्हणजे इतकी वर्षं सगळे नवरा-बायकोला दोन वेगळी घराणी समजून बसले होते. आणि नियम सरळ आहे, जुनं नाव राहतं, नवं जातं.

"आजी आहे तोवर थांबू या," लेक हळूच म्हणाली. "कुणाला कळतंय?"

खोटं कशाला बोला, क्षणभर बाईंना ते पटलंही. मग त्या पुन्हा भिंगावर वाकल्या. कुठेतरी चूक सापडावी म्हणून एकेक पिल्लू उलटंपालटं करून पाहिलं. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. आपल्याला जे दिसलं नाही ते या कार्टीने खिडकीत बसून शोधलं, या विचाराने त्यांचा ऊर भरून आला.

"लिहून काढ," त्या म्हणाल्या. "कोण चुकलं तेही लिही. माझं नाव गाळलंस तर गाठ माझ्याशी आहे."

आजीला सांगायचं कामही त्यांनी स्वतःकडेच घेतलं. म्हातारी उशीचा अभ्रा शिवत बसली होती.

"आई, तुझ्या नावाचा कोळी आता राहिला नाही. नाव रद्द होणार."

म्हातारीचा चेहरा खर्रकन उतरला. सुई तशीच हातात राहिली.

"कुणी केलं रद्द?"

"तुझ्या नातीने. माझी चूक होती, तिने पकडली."

नात दाराशी मान खाली घालून उभी होती. म्हातारीने तिला खुणेने जवळ बोलावलं, शेजारी बसवून घेतलं आणि बाईंकडे वळून म्हणाली,

"तुझी एक तरी चूक धरावी म्हणून मी जन्मभर टपून बसले गं. मला नाही जमलं. हिने करून दाखवलं बघ."