सहानंतर आठ

अधिकाऱ्यांनी अहवालाचा कागद फिरवून बाईंच्या पुढ्यात सरकवला आणि खालून तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे तुम्ही लिहिलंत?"

बाईंनी चष्मा न लावताच अक्षर ओळखलं. 'ही मुलगी नसती, तर आमचा सकाळचा व्यायामवर्ग केव्हाच बंद पडला असता.'

"मीच. का? खोटं आहे का?"

"खरं आहे, हीच तर पंचाईत आहे."

अधिकारी तसे सज्जन होते. सहा महिन्यांपूर्वी, केंद्राला परदेशी स्वयंसेवक ठेवून घ्यायची परवानगी द्यायची की नाही हे ठरवायला तेच आले होते. पाहुणीच्या खोलीची खिडकी त्यांनी टेपने मोजली. दाराला आतून कडी हवी असा नियम होता, म्हणून स्वतः आत जाऊन कडी लावून पाहिली आणि ती निघेना तेव्हा आतूनच शांतपणे "कडी मजबूत आहे" असं म्हणाले. शेवटी केंद्रात स्वयंपाक-झाडलोट करणाऱ्या मावशींना पान्हा घेऊन खिडकीशी जावं लागलं. एवढं होऊनही त्यांनी परवानगी दिली होती.

"नियम अकरा," ते आता म्हणाले. "स्वयंसेवकाने पगारी माणसाची जागा भरून काढायची नाही. तुमची फिजिओची जागा दीड वर्ष रिकामी आहे आणि तुम्हीच लिहून देताय की वर्ग ही मुलगी चालवते."

"अहो, मी कौतुक केलंय तिचं."

"कौतुकाला रकाना नाही, बाई."

नियमांची चौतीस पानं बाईंनी पेन्सिल घेऊन दोनदा वाचली होती. आठवड्याचे तास, सुटी, औषधपेटी, सगळं त्या काटेकोर पाळत होत्या. चांगलं लिहिल्याने कुणी गोत्यात येईल हे मात्र त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. चांगलं लिहायची त्यांना मुळात सवयच नव्हती.

"हा असाच वर गेला, तर आठ दिवसांत तिला परत पाठवतील," अधिकारी म्हणाले. "तिचं वर्ष वाया जाईल, आणि तिच्या नावापुढे 'नियमबाह्य नेमणूक' असा शेरा बसेल तो बसेलच. हा कागद तुम्ही घेऊन जा. उद्या दुपारपर्यंत नवा आणून द्या. ती फक्त मदत करते, वर्ग तुम्ही घेता, असं स्वच्छ लिहा. आणि उद्यापासून तसंच करा."

"बरं."

"या अहवालावर तिने वाचूनच सही केली होती ना? तोही नियम आहे."

"हो तर," बाई म्हणाल्या आणि कागदाची घडी करून पिशवीत टाकली.

ते खोटं होतं. सही त्यांनी कोऱ्या कागदावर घेतली होती. कारण एवढंच, की आपण लिहिलेलं तिने आपल्यासमोर वाचावं, ही कल्पनाच त्यांना सहन होईना. चालता न येणाऱ्या मुलांचं हे केंद्र बाईंनी बत्तीस वर्षं चालवलं होतं. तोंडदेखलं गोड बोलणारी माणसं त्यांना कधी आवडली नाहीत, आणि तोंडदेखलं टाळता टाळता तोंडावर चांगलं बोलणंच त्यांना जमेनासं झालं होतं. कोऱ्या कागदावर सही करताना मुलीने हसून विचारलं होतं, "माझ्याबद्दल काय लिहिणार, बाई?"

"कागदावर काय, चांगलंच लिहावं लागतं," बाई म्हणाल्या होत्या. "खरं काय ते मी तोंडावर सांगते."

तोंडावर त्या सांगत, ते असं: सतरंजी वाकडी घातलीस. दार आपटू नकोस. मुलांना इतकं हसवलंस तर ती पडतील.

केंद्रात परत आल्या तेव्हा वर्ग चालूच होता. मुलं तिला उंचताई म्हणत, कारण दारातून आत येताना तिला मान वाकवावी लागे. आत्ता ती चालायच्या दोन दांड्यांच्या टोकाला उकिडवी बसली होती आणि दुसऱ्या टोकाला भिंगरी उभी होती. हे नाव मावशींनी ठेवलेलं. सहा वर्षांची ही पोर आली तेव्हा जागची हलत नव्हती, म्हणून.

"एक," उंचताई म्हणाली. भिंगरीने आधाराच्या पट्ट्यांचा, कॅलिपरचा पाय पुढे टाकला. "दोन. तीन. चार. पाच. सहा." भिंगरी थांबली. इथे ती रोजच थांबायची. सहाच्या पुढे तिचे हात थरथरायला लागत.

"आठ," उंचताई म्हणाली.

"सात!" भिंगरी चिडून ओरडली.

"आठ."

"अगं सात असतं! सहानंतर सात!" आणि या अडाणी ताईला ते दाखवून देण्याच्या भरात तिने पाय उचलून धाडकन पुढे टेकवला. सातवं पाऊल पडलं.

बाई दारातून म्हणाल्या, "सहा महिने झाले. अजून सात येत नाही?"

"विसरते, बाई," मुलगी मान खाली घालून म्हणाली.

ती विसरत नव्हती. बाईंना ते पहिल्याच आठवड्यात कळलं होतं, आणि अहवालात त्यांनी ते लिहिलंही होतं. ही मुद्दाम एक आकडा गाळते आणि आमची मुलगी त्या आकड्यापर्यंत चालत जाते. बत्तीस वर्षांत मला हे सुचलं नाही. अशी तीन वाक्यं होती. लिहून झाल्यावर त्यांनी ती दोनदा वाचली होती आणि कुणी बघत नाही ना म्हणून मागे वळूनही पाहिलं होतं.

ऑफिसात बसून त्यांनी नवा अहवाल लिहिला. सतरंज्या घालणे, पाणी भरणे, मुलांचे बूट जागेवर ठेवणे. वर्ग मी स्वतः घेते. मग थोडं थांबून, हाही कागद परत येऊ नये म्हणून, अजून एक ओळ घातली: 'हिच्या असण्या-नसण्याने वर्गाच्या कामात विशेष फरक पडत नाही.' जुना कागद त्यांनी चार तुकडे करून मावशींच्या शेगडीत टाकला. एकाच कामाचे दोन अहवाल केंद्रात असणं बरं नव्हे.

मुलीला बोलावलं.

"हे वाच आणि सही कर. या वेळी वाचावंच लागतं."

ती इथली भाषा अजून सावकाश वाचायची, ओठ हलवत. बाईंनी तिला सगळं समजावून सांगायचं ठरवलं होतं. नियम अकरा, रिकामी जागा, तो शेरा. फक्त ते सांगायचं तर आधीचा कागदही सांगावा लागला असता, कोरी सहीही आणि ती तीन वाक्यंही. बाई तोंडातल्या तोंडात शब्द जुळवत राहिल्या. मुलीचं बोट शेवटच्या ओळीवर आलं, तिथे जरा रेंगाळलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली आणि सही केली.

बाईंचा जीव भांड्यात पडला. समजूतदार आहे पोर, त्यांना वाटलं. न सांगता कळलं.

"उद्यापासून वर्ग मी घेईन," त्या म्हणाल्या.

"हो, बाई."

दुसऱ्या दिवसापासून बाई गुडघ्याला पट्टा बांधून वर्गात उभ्या राहिल्या. मुलगी सतरंज्या घालायची, पाणी भरायची, बूट ओळीने लावायची. सतरंजीचा एक कोपरासुद्धा वाकडा पडायचा नाही आणि दार असं लावायची की आवाज व्हायचा नाही. बाईंनी खोड काढायला जागाच उरली नाही. मुलं तिच्याकडे बघून हाका मारायची, ती हसून हात हलवायची आणि बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसायची. भिंगरी सहावर थांबत होती आणि तिथेच खाली बसत होती.

"होईल हळूहळू," बाई मावशींना म्हणाल्या.

"काय हळूहळू होणार, बाई?" मावशी भांडी विसळत म्हणाल्या. "ती पोर ओट्यावर नुसती बसून असते. जेवतसुद्धा नाही धड."

"घरची आठवण येत असेल."

मावशींनी पातेलं जरा जोरात ठेवलं.

तिसऱ्या आठवड्यात मुलीने अर्ज दिला. स्वयंसेवकाला जागा बदलून मागता येते, पंधरा दिवस आधी कळवून. तोही नियमच होता. कारणाच्या रकान्यात तिने वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'जिथे माझा उपयोग होईल अशी जागा मिळावी.' बाईंनी तो वाचला आणि शिक्का मारून पुढे पाठवला. त्यांना वाटलं, शहराजवळ जायचं असेल. तरुण माणसांना वाटतंच. पण त्या दिवशी त्यांना दुपारभर काही सुचलं नाही, आणि पंधरा दिवसांत तिला अडवेल असं एकही वाक्य त्यांच्या तोंडून निघालं नाही.

निघायच्या सकाळी तिची पेटी दारात होती. नियमाप्रमाणे बाईंनी खोली ताब्यात घेतली: पलंग, जाळी, दिवा, कुलूप दोन किल्ल्यांसह. कडीवर मावशींच्या पान्ह्याचा ओरखडा अजून होता.

"सगळं ठीक आहे," बाई म्हणाल्या. मग किल्ल्या हातात घोळवत, इतक्या दिवसांनी एकदाचं विचारलं, "इथं काही कमी पडलं का गं तुला?"

"नाही, बाई. तुम्ही खूप सांभाळलंत." ती थोडं थांबली. "मीच कमी पडले. मला आधी कळलं नाही. मावशी म्हणाल्या होत्या, 'बाईंनी तुझं फार कौतुक लिहिलंय, मी झाडताना टेबलावर पाहिलं.' मी वेडी, खूश झाले. मग आठवलं, तुम्ही सांगितलं होतं. कागदावर चांगलंच लिहावं लागतं, खरं ते तोंडावर. आणि दुसरा कागद तुम्ही मला समोर बसवून वाचायला दिलात. म्हणजे तोच खरा."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या.

"पहिला खरा होता," त्या म्हणाल्या.

मुलगी हसली. निघताना माणसं चार बरे शब्द बोलतात आणि ऐकणारा ते मान डोलवून घेतो, तसंच ते हसू होतं.

"अगं, खरंच. नियम होता. म्हणून दुसरा लिहावा लागला. तुला परत पाठवलं असतं त्यांनी."

"हो, बाई."

"दाखवला असता, पण मी तो..." शेगडीचं त्यांना सांगवेना. "जाळून टाकला" म्हटलं, तर काय खरं वाटणार होतं? कागद गेला होता. आता त्यांच्याकडे फक्त तोंड होतं, आणि त्या तोंडाला अशा बोलण्याची सवय नव्हती. शब्द खरे असून खोट्यासारखे बाहेर पडत होते.

"असू दे," मुलगी म्हणाली आणि वाकून तिने बाईंचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. "तुम्ही चांगल्या आहात."

मावशींनी डोळ्यांना पदर लावला. मुलांनी खिडकीतून एकच गलका केला. गाडीत बसताना तिचं डोकं वर आपटलं आणि मुलं नेहमीप्रमाणे खिदळली.

गाडी कोपऱ्यावरून वळली, तेव्हा बाईंना आठवलं. सातचं सांगायचं राहिलं. मला माहीत होतं, तू विसरत नव्हतीस, एवढं एकच म्हटलं असतं तर तिला कळलं असतं. बाकी कशाची गरजच नव्हती. त्या फाटकातून चार पावलं पुढे गेल्या, गुडघा धरून उभ्या राहिल्या आणि मग परत आल्या. वर्गाची वेळ झाली होती.

भिंगरी दांड्या धरून उभी होती. बाई दुसऱ्या टोकाला गेल्या. उकिडवं बसणं त्यांना जमणार नव्हतं, म्हणून स्टूल ओढून घेतलं.

"एक," त्या म्हणाल्या. "दोन. तीन."

कॅलिपर वाजत होते. खिडकीतली मुलं अजून रस्त्याकडेच बघत होती.

"चार. पाच. सहा."

भिंगरी थांबली. तिचे हात थरथरायला लागले.

बाईंनी एकदा दाराकडे पाहिलं. कुणी नव्हतं.

"आठ," त्या म्हणाल्या.

भिंगरी जागची हलली नाही. बाईंना वाटलं, तिला ऐकू गेलं नसेल.

"आठ," त्या पुन्हा म्हणाल्या.

भिंगरीने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. चिडून नाही, जरा कीव आल्यासारखं.

"बाई, तुम्हाला येतं की सात," ती म्हणाली, आणि दांड्या सोडून खाली बसली.