चिंचेची फांदी आणि पंचाची शिट्टी

मी एक जुनी शिट्टी आहे. कुकरची नव्हे आणि पोलिसाचीही नव्हे, मित्रांनो, मी फुटबॉलच्या पंचाची शिट्टी. हल्ली माझा मुक्काम बुऱ्हाणपुरात, लालबागमधल्या एका घरात, दाराशेजारच्या खिळ्यावर असतो. माझ्यावरचं निकेल जागोजागी उडालं आहे आणि खालून पितळ डोकावतं. माझ्या पोटात बुचाचा एक छोटा गोळा आहे. तो नाचला की माझा आवाज थरथरतो. पण त्याला नाचायला कुणाची तरी फुंकर लागते, आणि ती मला स्वतःला घालता येत नाही. शेजारच्या खिळ्यावरच्या छत्रीला हे दुःख कळत नाही. तिला निदान वर्षातून चार महिने तरी बाहेर नेतात.

माझा जन्म जालंधरच्या एका कारखान्यातला. तिथून बहिणींबरोबर खोक्यात बसून मी जळगावच्या एका दुकानात आले. एके दिवशी बुऱ्हाणपूरजवळच्या निंबोला गावचा एक शेतकरी केळीची गाडी खाली करून त्या दुकानात शिरला. त्याचं नाव श्रीकांत. दुकानदाराचं तोंड वाकडं झालं तरी त्याने खोक्यातली एकेक शिट्टी फुंकून पाहिली आणि शेवटी मला उचललं. स्वतःसाठी नव्हे. त्याचा लहानपणचा मित्र अनंत लालबागच्या शाळेत मास्तर होता आणि नुकताच पंचाची परीक्षा पास झाला होता. त्याला भेट म्हणून श्रीकांतने मला नेलं. म्हणजे मला निवडलं एकाने आणि वाजवलं दुसऱ्याने. हे दोघे एकमेकांचे होते, तोवर मला काहीच कमी नव्हतं.

अनंतसरांचा हात मला फार आवडायचा. लोकांना वाटतं, शिट्टी म्हणजे सारखी वाजायची वस्तू. सर मला ओठांशी न्यायचे आणि कितीदा तरी न फुंकताच खाली आणायचे. एखाद्याला पाडलं, पण चेंडू त्याच्याच संघाकडे राहिला आणि पुढे वाट मोकळी असली, तर सर दोन्ही हात पुढे करून खेळ चालू ठेवत. तिथे मी वाजले असते तर ज्याच्यावर अन्याय झाला त्याचंच नुकसान झालं असतं. नियम पुस्तकात एका ओळीचा असतो, पण तो लावायचा कसा हे त्या एका श्वासात ठरवावं लागतं. तो श्वास माझ्या तोंडाशी अडलेला असे, आणि त्याची ऊब मला अजून आठवते.

पण मैदानावर आम्ही दोघं एकटेच. जिंकलेला संघ हार घालून मावा जलेबी वाटत निघायचा. हरलेल्यांच्या पाठीवर हात ठेवायला त्यांची माणसं यायची. आमच्याकडे कुणी येत नसे. सर मला रुमालात गुंडाळून खिशात टाकत आणि सायकलवर टांग मारून घरी जात. त्यातून सरांचा एक नेम होता. स्पर्धा चालू असेपर्यंत ते तिच्याशी संबंध असलेल्या कुणाच्याही घरचं पाणीसुद्धा घेत नसत. श्रीकांत निंबोल्याच्या संघाचा प्रशिक्षक झाला तेव्हापासून त्याचा चहाही बंद. लोक म्हणत, मास्तरला भाव चढला. श्रीकांत मात्र हसायचा. स्पर्धा संपली की दोघे स्टेशनजवळच्या टपरीवर बसत आणि राहिलेले सगळे चहा एकदम पीत.

आता त्या चिंचेबद्दल सांगते. लालबागच्या मैदानाच्या कडेला एक मोठी चिंच आहे. तिची एक फांदी थेट गोलापुढच्या चौकटीवर आली होती. लहानपणी अनंत आणि श्रीकांत तिथे खेळत, तेव्हा त्या दोघांनीच ठरवलं होतं की चेंडू फांदीला लागला तरी खेळ चालू. पुढे सगळी पोरं तसंच खेळू लागली. रोजच्या खेळात सरही त्याला हरकत घेत नसत. पण काही वर्षांपूर्वी त्या मैदानावर जिल्ह्याची स्पर्धा आली. तिच्यात पुस्तकातले नियम होते, आणि पुस्तकाप्रमाणे चेंडू बाहेरच्या वस्तूला लागला की खेळ थांबतो.

अंतिम सामना निंबोला आणि शहरातला बुधवारा मोहल्ला यांच्यात होता. सुरू होण्याआधी सरांनी दोन्ही कप्तानांना बोलावून फांदी दाखवली आणि आज तिला चेंडू लागला तर मी खेळ थांबवीन, असं सांगितलं. दोघांनी माना हलवल्या. बुऱ्हाणपुरात लहानाचं मोठं झालेल्याला चिंच चालू नाही हे कानात शिरलं तरी डोक्यात शिरत नाही. श्रीकांत तेव्हा एका खेळाडूच्या पायाला पट्टी बांधत होता. त्याला कुणीच काही सांगितलं नाही.

सामना संपत आला तरी गोल नव्हता. श्रीकांतचा पुतण्या तुषार याने लांबून उंच चेंडू मारला. तो फांदीवर आदळला आणि सरळ गोलापुढे पडला. गोलकीपर भलतीकडेच धावला होता. निंबोल्याच्या एका पोराने डोक्याने चेंडू जाळ्यात ढकलला. पण फांदी हलली त्याच क्षणी सरांनी मला फुंकलं होतं. मी वाजले तेव्हा चेंडू हवेतच होता. माझा आवाज निंबोल्याच्या आरोळीत बुडून गेला. गोल नाही म्हटल्यावर सगळं मैदान आमच्याभोवती जमलं.

"साहब, झाड तो हमेशा चालू रहता है," तुषार रडवेला होऊन म्हणाला.

श्रीकांत गर्दीतून पुढे आला. तो ओरडला नाही. "अनंता, झाड आपल्या आधीपासून उभं आहे. खांबाला लागलेला चेंडू चालतो ना? मंग हे झाड बी खांबच समज. आपणच ठरवलं होतं ना रे."

"खांब खेळासाठी रोवलाय, श्रीकांता. झाड खेळासाठी नाही उगवलं," सर म्हणाले.

नियमाप्रमाणे सरांनी चेंडू बुधवाऱ्याच्या गोलकीपरपुढे टाकून खेळ पुन्हा सुरू केला. त्याने तो लांब मारला, आणि नशिबाचा खेळ असा की बुधवाऱ्याने त्याच चेंडूवर गोल केला. निंबोला हरलं.

स्पर्धा संपली होती, म्हणून सर टपरीवर गेले. त्यांनी दोन चहा सांगितले. एक प्यायले. दुसऱ्यावर साय धरली. टपरीवाल्याने तो न विचारताच उचलून नेला. श्रीकांत त्या दिवशी आला नाही आणि नंतरही आला नाही. बाजारात समोर दिसला तर केळीच्या गाड्यांआड व्हायचा. सरांनी त्याच्या घरी जायला कितीदा सायकल काढली आणि चौकातून परत आणली. आपण चुकलो नाही, मग कशाची माफी मागायची, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. मला तोंड असूनही मी काही बोलू शकले नाही.

पुढे सरांचे गुडघे गेले आणि मी खिळ्यावर आले. चिंचेची ती फांदीही एका वादळात मोडून पडली. ज्या फांदीवरून मैत्री तुटली तीच उरली नाही, तरी दोघांचा अबोला तसाच. संध्याकाळी मैदानावरून दुसऱ्या कुठल्या तरी शिट्टीचा आवाज यायचा. सर ऐकायचे आणि पेपर वर धरायचे. त्यांची बायको शारदाबाई मला कधी पुसायच्या, पण फुंकत नसत. बुचाचा गोळा एका कोपऱ्यात चिकटून बसला होता. मला फार एकटं वाटायचं, आणि सरांनाही वाटत असणार.

गेल्या हिवाळ्यात सरांची पुतणी तेजस्विनी मला घेऊन गेली. ती लालबागच्या मुलींना फुटबॉल शिकवते. निंबोल्याला मुलींची स्पर्धा होती आणि ठरलेला पंच आलाच नाही. तिथे नियम माहीत असलेला दुसरा माणूस एकच होता. तेजस्विनीने मला त्याच्या हातात ठेवलं आणि म्हणाली, "काका, अब आप ही देखो."

श्रीकांतने मला ओळखलं. अंगठ्याने माझ्यावरची झीज चाचपली, मग जोरात फुंकर घातली. बुचाचा गोळा सुटला आणि मी वाजले. किती दिवसांनी!

त्या मैदानावरून केबलची एक जुनी तार जाते. उपांत्य सामन्यात निंबोल्याच्या मुलीने मारलेला चेंडू त्या तारेला लागून खाली पडला आणि दुसरीने तो गोलात घातला. पण त्याआधीच मी वाजले होते. श्रीकांतने मला कधी फुंकलं हे त्यालाही कळलं नसावं. मुली ओरडल्या, काका, तार तर कायमचीच आहे. बाहेरून त्याच्याच गावची माणसं ओरडली, आपला माणूस असून असं करतो. गोल मिळाला नाही आणि निंबोला हरलं. सामना संपल्यावर श्रीकांत पाण्याच्या टाकीजवळ एकटाच उभा राहिला. त्याच्या घरच्यांनीही त्याला हाक मारली नाही. त्याने मला मुठीत इतकं घट्ट धरलं होतं की माझी कडी त्याच्या तळव्यात रुतली.

त्याच संध्याकाळी तो लालबागला आला. सर दारातच बसले होते. श्रीकांतने मूठ उघडून मला दाखवलं.

"झाड खांब नव्हतं, अनंता," तो म्हणाला. "आणि तू तिथं एकटा उभा होता, ते बी मी पाहिलं होतं."

सरांनी शेजारची खुर्ची ओढली. शारदाबाईंनी लगबगीने दोन कप चहा आणला. श्रीकांतने कपाकडे हात नेला आणि मागे घेतला.

"वहिनी, रागावू नका. उद्या फायनलला तेजस्विनीची टीम आहे आणि शिट्टी माझ्याकडं. चहा उद्या."

सर हसले. इतक्या वर्षांत मी ते हसू ऐकलं नव्हतं. हसता हसता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि आपलाही कप खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी सामना संपल्यावर श्रीकांत आला. मला त्याने परत खिळ्यावर अडकवलं आणि दोघे आत जाऊन बसले. राहिलेले चहा एकदम प्यायचे होते, त्यामुळे बराच वेळ लागला. मी बाहेर, छत्रीशेजारी, कपांचा आवाज ऐकत होते. माझी आठवण कुणाला झाली नाही, आणि पहिल्यांदाच मला त्याचं वाईट वाटलं नाही.

मित्रांनो, मला पुसा किंवा पुसू नका, तुमची मर्जी. पण सामना संपला, तुम्ही जिंकलात किंवा हरलात, की मैदानाच्या मध्यभागी एकदा नजर टाका. तिथे कुणीतरी शिट्टी रुमालात गुंडाळत असेल. त्याने तुमचा गोल नाकारला असेल तरी त्याला हाक मारा. आणि ती हाक त्याचा चहा निवायच्या आत मारा.