गरिबीचा अर्ज कुणाकडेच नव्हता

आमच्या शाळेत एकही गरीब मूल नाही. म्हणजे कागदावर. अमेरिकेतल्या केंटकीच्या या डोंगरात कोळशाच्या खाणी बंद पडल्या आणि गरिबी इतकी सरसकट झाली, की सरकारने सगळ्याच मुलांना दुपारचं जेवण फुकट केलं आणि त्यासाठी अर्ज भरून घेणं थांबवलं. सोय झाली. पण कॉलेजच्या प्रवेशअर्जाची फी माफ करायला आमचा समुपदेशक हॉलिस प्रेटर नेमका तोच अर्ज मागायचा.

मी जीवशास्त्र शिकवतो. त्या शुक्रवारी प्रेटरच्या केबिनबाहेर झेरॉक्स काढत होतो. पंधरा प्रती हव्या होत्या. उघड्या दारातून आतलं बोलणं ऐकू आल्यावर मी साठ काढल्या.

आत टॅम्सिन रॅटलिफ होती, बारावीतली पहिली. कॉलेजचा अर्ज पाठवायची मुदत दुपारी तीनपर्यंत. फी पंचाहत्तर डॉलर, आणि घरात तेवढे नव्हते.

"सर, फीमाफीच्या चौकटीत फक्त टिक करायची. फी भरणं या कुटुंबाला जड जाईल, एवढंच."

"आणि उद्या कुणी विचारलं, कशावरून? जेवणाचा अर्ज आण."

"तो अर्ज आपल्या शाळेत नसतोच, सर."

"मग माझा नाइलाज आहे. खऱ्या गरजूंकडे कागद असतात."

टॅम्सिन खाली गेली आणि आईला घेऊन आली. डार्लीन रॅटलिफ आमच्या शाळेची मुख्य स्वयंपाकीण. केसांवर जाळी, हाताला मक्याचं पीठ.

"हॉलिस, एका बाकावर बसायचो आपण. माझी परिस्थिती तुला कागदावर बघायचीय?"

"मिसेस रॅटलिफ, तुम्हाला पगार आहे."

"नऊ महिने. उन्हाळ्यात शाळा बंद, पगार बंद. तुला काय, तुझा चालूच असतो."

"मुलीच्या हातात फोन तर झकास दिसतोय."

"तुझ्या बहिणीने वापरून टाकलेला. चाळीस डॉलर घेतले तिने. फुटक्या काचेचे पण सोडले नाहीत."

प्रेटरचा चेहरा लाल झाला. "तोंड सांभाळ, डार्लीन! सही माझी आहे. मी नाही करणार."

"नको करूस." तिने खुर्ची ओढली आणि बसली. "अकरा वीसला जेवणाची खिडकी उघडते. किल्ली माझ्याकडे आहे."

पावणेबाराला चारशे मुलं खाली ट्रे बडवत होती. मुख्याध्यापकांचा फोन आला. प्रेटरने फोनवर हात ठेवून डार्लीनला विचारलं, "काय सांगू त्यांना?"

"सांग, कागदपत्रं तपासतोयस."

प्रेटरने तेच सांगितल्यावर फोनमधून जे शब्द आले, ते आमच्या शाळेत मुलांना वापरायची बंदी आहे. प्रेटरने फोन ठेवला, माउस ओढला आणि टिक केली.

"ही सरळ दमदाटी आहे. मी तुझ्या फायलीत लिहिणार."

"लिही की. स्पेलिंग नीट लिही, तेवढंच."

डार्लीन उठून खिडकी उघडायला गेली. टॅम्सिन मात्र गेली नाही. टेबलाला वळसा घालून ती प्रेटरच्या मागे आली आणि कॉम्प्युटरच्या पडद्याचा फोटो काढला.

"आभार मानायची रीत असते," प्रेटर म्हणाला. "हा फोटो कशाला?"

"मी गेल्यावर तुम्ही टिक काढाल म्हणून."

प्रेटरने माउसवरचा हात उचलला. टॅम्सिनने तिथेच उभं राहून, त्याच्या डोळ्यांदेखत, फुटक्या काचेवर अंगठा दाबून अर्ज पाठवला.