समुद्रावरून आलेली पेटी

पेटीचं झाकण उचकटताच कुजक्या समुद्राचा भपकारा आला आणि नागापूर एमआयडीसीतल्या त्या रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत सगळ्यांनी नाकं धरली. सुकन्यानं मात्र सरळ हात आत घातला. समुद्रात बुडवून ठेवलेल्या पत्र्यांपैकी पहिला साधा, लेप न दिलेला. त्यावर शिंपल्यांचा असा थर चढला होता की खालचं लोखंड दिसेना. दुसऱ्यावर तिचा लेप. कित्येक वर्षं ती या लेपामागं होती: अंगात पाणी धरून ठेवणारा हायड्रोजेल, इतका बुळबुळीत की विष न घालताही जहाजाच्या तळाला काही चिकटू नये. आजवरचे तिचे सगळे लेप समुद्रानं सोलून काढले होते.

तिनं पत्रा नळाखाली धरला. एक शिंपला नव्हता.

"जमलं की गं!" म्हणत तिचे वरिष्ठ, गोरक्षनाथ सर, मालकांना बोलवायला धावले.

सुकन्यानं भागवतला फोन लावला. भागवत पाथर्डीकडचा. विहिरीत पोहायला शिकलेला, ऊसतोड सोडून रत्नागिरीच्या बंदरावर पाणबुड्या झालेला. तिचे पत्रे तोच समुद्रात बांधायचा, तोच काढायचा. लेप फसला की म्हणायचा, "ताई, खचू नका. पुढला टिकंल."

"भागवतदादा, जिंकलो आपण!"

"मी लंकाबाई. त्यांची मालकीन."

"वहिनी, द्या ना त्यांना फोन!"



"ते न्हाईत आता, ताई. पत्रं काडाया खाली गेल्ते. साखळीत पाय अडकला."

"मग कधी येतील?" सुकन्यानं विचारलं.

"बुडालं, ताई."

नळ तसाच वाहत होता.

"पण... ही पेटी?"

"मीच धाडली. वर काडलं तवा पत्रं हातातच हुतं त्यांच्या. म्हनलं, तुमी वाट बघत असाल. निघालं का चांगलं?"

"हो, वहिनी. अगदी स्वच्छ."

"बरं झालं. लई घोर हुता त्यांना."

मालक पेढे घेऊन आले. फोटोसाठी त्यांनी सुकन्याला पत्रा पुढं धरायला लावला. त्याच्या भोकात दोरीचा तुकडा भागवतनं मारलेल्या गाठीसकट लोंबत होता. सरांनी कात्री उचलली.

"हे कापू या. फोटोत घाण दिसतंय."

सुकन्यानं दोरीवर हात ठेवला.

"राहू द्या, सर."

फोटो निघाला. तिच्या तळहाताखाली ती गाठ अजून ओली होती.